वेदीपाशी येण्याआधी : लुथरन उपासना आणि प्रभुभोजनाची परंपरा

प्रॉटेस्टंट उपासना म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे साधारणपणे एक साधे, सजावट नसलेले सभागृह, पाळकांचे लांबलेले प्रवचन आणि पेटीच्या साथीने म्हटलेली गीते असे चित्र उभे राहते. आणि महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्या अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन किंवा मेथडिस्ट मिशन यांच्या कार्यातून उभ्या राहिल्या असल्यामुळे ते चित्र चुकीचे म्हणता येणार नाही. लुथरन चर्चमध्ये शिरणाऱ्याला मात्र बहुतेक ठिकाणी समोर वेदी दिसते, तिच्यावर जळत्या मेणबत्त्या दिसतात, क्रूसावर खिळलेल्या ख्रिस्ताची मूर्ती दिसते, पाळकांच्या अंगावर सणाच्या व काळाच्या रंगाप्रमाणे बदलणारी वस्त्रे दिसतात आणि प्रार्थनेचे काही भाग ते चक्क गाऊन म्हणताना ऐकू येतात. वसईचा किंवा गोव्याचा कॅथलिक माणूस तेथे जाऊन बसला तर त्याला फारसे परके वाटणार नाही, उलट नगरच्या एखाद्या जुन्या मंडळीतील माणूसच थोडा गोंधळून जाईल.

या बाह्य साम्यावरून लुथरन उपासना म्हणजे थोडा पालट केलेली कॅथलिक मिस्साच होय, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. मार्टिन लुथरने उपासनेचा सांगाडा जवळजवळ तसाच ठेवला आणि तिची दिशा उलटी केली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. प्रभुभोजन, म्हणजे येशू ख्रिस्ताने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर घेतलेल्या जेवणाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, हा या उलथापालथीचा मध्यबिंदू होता. आणि या परंपरेचा पाच शतकांचा इतिहास पाहिला तर त्यात एक विलक्षण विसंगती आढळते. लुथरने जे सामान्य माणसासाठी मोकळे केले, तेच त्याच्या अनुयायांनी गांभीर्याच्या आग्रहापायी इतके दुर्मिळ करून ठेवले की पुढे कित्येक मंडळ्यांत वेदी वर्षातले चार-सहा रविवार सोडले तर रिकामीच राहू लागली.

मध्ययुगीन युरोपात सामान्य माणसाचा या विधीशी संबंध मुख्यतः पाहण्याचा होता. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून किमान एकदा, पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास, पापकबुली देऊन प्रभुभोजन घ्यावे असा दंडक घातला. पण नियमाने सांगितलेले किमान हेच व्यवहारात कमाल ठरले, आणि एरवी लोक धर्मगुरूने पवित्र केलेली भाकर डोक्यावर उचलून धरताना तिचे दर्शन घेण्यातच समाधान मानू लागले. जे वर्षातून एकदा घेत, त्यांनाही फक्त भाकर मिळे. प्याला धर्मगुरूपुरता राखलेला होता, आणि बोहेमियात त्याविरुद्ध मागणी उठली तेव्हा कॉन्स्टन्सच्या परिषदेने १४१५ साली ती फेटाळली. बोहेमियाचा सुधारक यान हुस याला जिवंत जाळण्यात आले ते याच परिषदेच्या काळात, याच वर्षी. दुसरीकडे, मृतांच्या आत्म्यासाठी पैसे देऊन म्हणवून घेतलेल्या खाजगी मिस्सांची संख्या अफाट वाढली होती. अशा मिस्सेला धर्मगुरू आणि त्याचा एखादा सेवक यांच्याखेरीज कोणी हजर असण्याचीही गरज नसे.

लुथरने १५२० साली लिहिलेल्या, चर्चच्या ‘बाबिलोनी बंदिवासा’विषयीच्या ग्रंथात या व्यवस्थेवर तीन आरोप ठेवले : सामान्यांपासून प्याला हिरावून घेतला, भाकरीचे मूळ द्रव्यच पालटते असे तत्त्वज्ञान श्रद्धेच्या नावाखाली लादले आणि, सर्वांत गंभीर म्हणजे, मिस्सा हा माणसाने देवाला अर्पण करायचा यज्ञ बनवला. त्याच्या मते प्रभुभोजनात माणूस देवाला काहीच देत नाही. देव पापक्षमेचे वचन देतो आणि त्या वचनाला भाकर व द्राक्षारस यांची खूण जोडतो, माणसाने ते फक्त हात पुढे करून घ्यायचे असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की लुथरन उपासनेतील पुष्कळसे तपशील आपोआप उलगडतात. अर्पणाच्या प्रार्थना गळल्या त्या यामुळे, पैसे देऊन म्हणवलेल्या खाजगी मिस्सा बंद झाल्या त्या यामुळे, आणि धर्मगुरू पूर्वी लॅटिनमध्ये पुटपुटत असे ते ख्रिस्ताचे शब्द आता लोकांच्या भाषेत, मोठ्याने, सर्वांना ऐकू येतील असे गाइले जाऊ लागले तेही यामुळेच. कारण वचन ज्याला द्यायचे त्याच्या कानांवर ते पडलेच नाही, तर ते दिले असे म्हणता येत नाही.

सुधारणा कोणत्या वेगाने करायची, यावर लुथरच्या गोटातच मतभेद झाले. तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून असताना १५२१ च्या नाताळात त्याचा सहकारी आंद्रेआस कार्लश्टाट याने विटेनबर्गमध्ये साध्या कपड्यांत उपासना चालवली, पूर्वकबुलीची अट घातली नाही आणि लोकांच्या हातात भाकर व प्याला दोन्ही दिले. शहरात खळबळ माजली. लुथर मार्च १५२२ मध्ये परतला आणि त्याने लागोपाठ आठ दिवस प्रवचने करून बजावले की बदल योग्य असला तरी ज्यांची मने अजून तयार नाहीत त्यांच्यावर तो जबरदस्तीने लादणे हे प्रीतीला सोडून आहे. एवढेच नव्हे तर त्याने काही काळ जुनी पद्धत पुन्हा सुरू केली. या संथपणाचा ठसा लुथरन मंडळ्यांवर कायमचा राहिला. देवाच्या वचनाने ज्याची आज्ञाही दिली नाही आणि ज्याला मनाईही केली नाही अशा वस्त्रे, मेणबत्त्या, चित्रे यांसारख्या गोष्टींना ‘मधल्या बाबी’ मानून त्या ठेवण्यास हरकत नाही, असे त्यांनी ठरवले. १५२३ मध्ये लुथरने सुधारलेली लॅटिन उपासना मांडली आणि १५२६ मध्ये संगीतकार योहान वाल्टर याच्या मदतीने रचलेली जर्मन उपासना प्रसिद्ध केली. सम्राटापुढे १५३० साली सादर झालेल्या आउग्सबुर्गच्या कबुलीजबाबात, म्हणजे लुथरन श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्यात, आपल्याकडे मिस्सा रद्द झाल्याचा आरोप खोटा असून ती अधिक आदराने पाळली जाते असे ठामपणे नोंदवले गेले.

भाकरीत ख्रिस्त खरोखर असतो की ती केवळ आठवण असते, हा प्रश्न मात्र मधल्या बाबींत मोडणारा नव्हता. झुरिखचा सुधारक उल्रिख झ्विंग्ली याच्या मते ख्रिस्ताचे शरीर स्वर्गात असल्यामुळे भाकर त्याची खूण एवढीच ठरते. लुथर म्हणत होता की ख्रिस्ताने भाकरीला आपले शरीर म्हटले आहे तेव्हा तेथे तर्काला जागा नाही. हेसेचा सरदार फिलिप याने १५२९ च्या ऑक्टोबरात मारबुर्ग येथे दोघांना समोरासमोर बसवले. तेथे लुथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे ख्रिस्ताचे शब्द लॅटिनमध्ये खडूने मेजावर लिहून ठेवले होते असे सांगितले जाते. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झाले आणि पंधराव्यातील या एका प्रश्नावर प्रॉटेस्टंट चळवळ दुभंगली. लुथरन शिकवणीप्रमाणे भाकर भाकरच राहते, पण तिच्यात, तिच्यासह आणि तिच्याखाली ख्रिस्ताचे शरीर असते. तापून लाल झालेल्या लोखंडात लोखंडही असते आणि अग्नीही असतो, हा दाखला खुद्द लुथरने दिला आहे. हे कसे घडते याचे स्पष्टीकरण देण्याच्या भरीस लुथरन पंडित सहसा पडत नाहीत, आणि या बाबतीत त्यांचे मौन त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पांडित्यापेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते.

या मतभेदाचे पडसाद विधीच्या बारीकसारीक तपशिलांतही उमटले. लुथरन मंडळ्यांनी खमीर न घातलेल्या पिठाची, गोवेकर कॅथलिक जिला ओस्ती म्हणतात ती, पातळ गोल चकती कायम ठेवली; कॅल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाच्या परंपरेतील मंडळ्यांनी साधी भाकर आणली आणि ती सर्वांदेखत मोडण्यावर भर दिला. ब्रांडेनबुर्गचा राज्यकर्ता योहान सिगिसमुंड याने १६१३ च्या नाताळात बर्लिनच्या कॅथेड्रलमध्ये कॅल्व्हिनपंथी पद्धतीने प्रभुभोजन घेतले तेव्हा त्याने पंथ बदलल्याचे प्रजेला वेगळे सांगावे लागले नाही. प्रजा मात्र लुथरनच राहिली, आणि राजघराणे एका पंथाचे तर लोक दुसऱ्या पंथाचे अशी स्थिती तेथे पुढे दोनशे वर्षे टिकली.

या काळातील लुथरन मंडळीची स्वतःविषयीची समजूत पाहायची असेल तर विटेनबर्गच्या नगरचर्चमधील, लुकास क्रानाख याच्या कार्यशाळेत तयार होऊन १५४७ साली बसवलेले वेदीचित्र पाहावे. मधल्या मोठ्या फळीवर ख्रिस्त व शिष्य एका गोल मेजाभोवती दाटीने बसलेले आहेत आणि त्या शिष्यांतच दाढी वाढवलेला, किल्ल्यात लपून असतानाच्या वेषातील लुथर आहे. सेवक त्याला प्याला देत आहे. ज्या प्याल्यासाठी शंभर वर्षे रक्त सांडले, तो सामान्य माणसाच्या हाती आला हे यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण. डावीकडच्या फळीवर विद्वान पण दीक्षित धर्मगुरू नसलेला फिलिप मेलांख्टन बाळाचा बाप्तिस्मा करतो आहे. खालच्या लांबट पट्टीत लुथर व्यासपीठावरून वधस्तंभावरील ख्रिस्ताकडे बोट दाखवतो आहे. उजवीकडची फळी सहसा दुर्लक्षित राहते, आणि पुढच्या इतिहासाची किल्ली तिच्यातच आहे : तेथे नगराचा पाळक योहानेस बुगेनहागेन दोन्ही हातांत दोन किल्ल्या घेऊन उभा आहे, एकीने तो गुडघे टेकलेल्या माणसाला पापमुक्ती देतो आणि दुसरी रोखून धरून पश्चात्ताप न करणाऱ्याला परत पाठवतो. प्रभुभोजनाचे मेज मध्यभागी, पण त्याच्या शेजारीच दारावरचा पहारा.

हा पहारा लुथरनेच बसवला होता. १५२३ च्या रचनेत त्याने सांगून ठेवले की ज्यांना प्रभुभोजन घ्यायचे आहे त्यांनी आधी पाळकांना कळवावे, प्रभुभोजन म्हणजे काय आणि ते आपल्याला कशासाठी हवे आहे हे त्यांना सांगता यावे, आणि उपासनेत त्यांनी मंडळीला दिसेल अशा जागी एकत्र उभे राहावे. न समजता रांगेत येणाऱ्यांचा जुना प्रघात मोडावा असा त्यामागचा हेतू होता. याच्याच जोडीला दुसरा नियम आला की घेणारा कोणी नसेल त्या दिवशी प्रभुभोजनाचा विधी होणार नाही, कारण घेणाऱ्यांवाचून एकट्या धर्मगुरूने तो करणे म्हणजे पुन्हा खाजगी मिस्साच. दोन्ही नियम आपापल्या जागी निर्दोष. पण दोहोंच्या संयोगाने काय होऊ शकते याची कल्पना त्या वेळी कोणाला आली नसावी.

परंपरा ऐन भरात असताना ती कशी दिसत होती, हे कळण्यासाठी अठराव्या शतकातील लाइपझिगइतके चांगले उदाहरण मिळणार नाही, कारण तेथे १७२३ पासून १७५० पर्यंत योहान सेबास्टियन बाख हा सेंट थॉमस शाळेचा संगीतप्रमुख होता आणि त्याच्यामुळे त्या शहराच्या रविवारांचा कसून अभ्यास झाला आहे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी गायच्या एका रचनेच्या हस्तलिखितावर बाखने त्या दिवसाच्या उपासनेचा क्रम स्वतःच्या हाताने टिपून ठेवला आहे. नव्या शहराची रीत विसरू नये म्हणून कामाला लागलेल्या माणसाने केलेली ती यादी आहे. ऑर्गनचे प्रास्ताविक वादन, मग समूहगान, मग देवाच्या दयेची याचना करणारे ‘किरिये’, वेदीपुढे पाळकांचे गायन, प्रेषितांच्या पत्रातील उतारा, गीत, शुभवर्तमानातील उतारा, मुख्य संगीत, विश्वासांगीकार म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची संक्षिप्त जाहीर कबुली, प्रवचन, पुन्हा गीताची काही कडवी, प्रभुभोजन स्थापतानाचे ख्रिस्ताचे शब्द, आणि मग लोक प्रभुभोजन घेत असताना ते संपेपर्यंत आळीपाळीने वादन व गीते.

सकाळी सात वाजता सुरू झालेली ही उपासना तीन-चार तास चाले, त्यातला तासभर प्रवचनाचा. बाखचे जे ‘कँटाटा’ आज जगभर तिकीट लावून ऐकवले जातात, ते मुळात या क्रमातील ‘मुख्य संगीत’ होते : त्या रविवारच्या शुभवर्तमानाच्या उताऱ्यावर प्रवचनाआधी केलेले जणू एक गाणारे भाष्य. सेंट थॉमस आणि सेंट निकोलस या दोन मुख्य चर्चांत ते रविवारआड आलटून पालटून होत आणि मोठ्या सणांना दोन्हीकडे. पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या उपवासकाळाच्या रविवारी आणि आगमनकाळाच्या शेवटच्या तीन रविवारी ते बंद असत. किरिये व देवाच्या गौरवाचे ‘ग्लोरिया’ यांसारखे काही भाग सणांना लॅटिनमध्येच गाइले जात आणि पाळक मिस्सेची जुनी वस्त्रे घालीत. लुथरच्या मृत्यूला दोन शतके उलटत आली असताना हे चालू होते. काही कँटाटांचे दोन भाग आहेत, त्यांतला दुसरा भाग प्रवचनानंतर, प्रभुभोजन चालू असताना गाइला जाई. म्हणजे ते संगीत ऐकत श्रोते बाकांवर स्वस्थ बसलेले नसून त्यांतील कित्येक जण वेदीकडे चालत असत. मैफलीच्या सभागृहात हा संदर्भ साफ हरवतो आणि त्याची खंत फारशी कोणी करताना दिसत नाही.

लाइपझिगमध्ये प्रत्येक रविवारी प्रभुभोजन होत असे, आणि तरीही एखादा भाविक माणूस ते वर्षातून दोन-चार वेळाच घेई. बाखचे उदाहरण याला साक्ष आहे. सेंट थॉमसच्या नोंदवह्यांत प्रभुभोजन घेणाऱ्यांची नावे जपून ठेवली गेली असल्यामुळे बाख कुटुंबीय साधारणपणे वर्षातून दोनदा वेदीपाशी जात होते हे निश्चितपणे सांगता येते. ज्याने आठवड्यामागून आठवडे इतरांच्या प्रभुभोजनासाठी संगीत रचले आणि वाजवून घेतले, तो स्वतः त्यातल्या बहुतेक रविवारी वर संगीताच्या सज्ज्यातच राहिला; आणि यात कोणाला काही वावगे वाटले नाही. अखेरच्या आजारात, २२ जुलै १७५० रोजी, त्याला घरीच प्रभुभोजन देण्यात आले आणि २८ जुलैला तो वारला.

हे असे का होत होते, याचे उत्तर रविवारात नाही, शनिवारात आहे. प्रभुभोजन घेऊ इच्छिणाऱ्याने आदल्या दिवशी दुपारी चर्चमध्ये जाऊन आपल्या ठरलेल्या पाळकांपुढे पापकबुली द्यायची असे. कॅथलिक पद्धतीप्रमाणे प्रत्येक पाप मोजून सांगण्याची सक्ती लुथरने काढली होती. माणसाने आपण पापी असल्याची कबुली द्यावी, मनाला टोचणारे काही असेल तर ते सांगावे, आणि पाळकांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवून देवाच्या नावाने क्षमा जाहीर करावी, एवढेच अपेक्षित होते. लुथरला ही क्षमेची घोषणा इतकी मोलाची वाटे की तो स्वतः आयुष्यभर कबुलीला जात राहिला. व्यवहारात मात्र कबुलीचा पाठ करून म्हणायचा मसुदा झाला, आणि पाळकांच्या हाती ठेवायच्या नाण्याचा, ‘कबुलीच्या पैशा’चा, रिवाज पडला. पापक्षमेच्या विक्रीविरुद्ध उठलेल्या चळवळीत पाळकांच्या उत्पन्नाचा काही भाग कबुलीच्या खुर्चीतून यावा, हा प्रकार इतिहासाने केलेली थट्टाच म्हणायला हवी. बर्लिनचा पाळक योहान कास्पर शाडे याने याविरुद्ध रान उठवले, आणि १६९८ साली ब्रांडेनबुर्गमध्ये खाजगी कबुली ऐच्छिक ठरवण्यात आली. हळूहळू इतरत्रही तिची जागा सर्वांनी मिळून म्हणायच्या कबुलीने घेतली.

पैशापेक्षाही भीतीने अधिक काम केले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलाने अयोग्य रीतीने हे भोजन घेणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो असा इशारा दिला आहे. आणि भाकरीत ख्रिस्त खरोखर आहे असे मानणाऱ्या लुथरन माणसाला त्याचा धाक झ्विंग्लीच्या अनुयायापेक्षा कितीतरी जास्त वाटणे साहजिक होते. लुथरने लघु प्रश्नोत्तरावलीत, म्हणजे मुलांसाठी व घरच्यांसाठी १५२९ साली लिहिलेल्या शिकवणीच्या पुस्तिकेत, उपवास वगैरे तयारी चांगली असली तरी खरी योग्यता ख्रिस्ताच्या वचनावरील विश्वासातच आहे असे स्पष्ट केले होते. पुढच्या पिढ्यांनी पुस्तिका पाठ केली आणि नेमका हा दिलासा त्या विसरल्या. जितके पवित्र तितके जपून, जितके जपून तितके क्वचित, अशी ती चाल होती.

स्वीडनमध्ये, आणि त्या वेळी त्याचाच भाग असलेल्या फिनलंडमध्ये, या पहाऱ्याला सरकारी कायद्याचे रूप आले आणि त्यातून एक अनपेक्षित लाभही झाला. १६८६ च्या चर्च कायद्याने प्रश्नोत्तरावली येत नसलेल्याला प्रभुभोजन नाही आणि लग्नही नाही असे ठरवल्यावर पाळक दरवर्षी वाडीवाडीवर जाऊन घरातील प्रत्येक माणसाची, नोकरचाकरांसह, परीक्षा घेऊ लागले. त्यांच्या वह्यांत प्रत्येक नावापुढे वाचता किती येते, पाठांतर व समज किती आणि प्रभुभोजन कधी घेतले याचे रकाने असत. लिहिता न येणारा पण छापील मजकूर वाचू शकणारा शेतकरी समाज तेथे शाळांचे जाळे पसरण्याआधीच तयार झाला, तो या वह्यांच्या धाकाने. डेन्मार्क-नॉर्वेच्या राज्यात १७३६ साली दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलाने समजत्या वयात श्रद्धेची कबुली देऊन प्रभुभोजनाला पात्र होण्याचा विधी, सक्तीचे झाले आणि मुलांना त्यासाठी वाचता यावे म्हणून १७३९ मध्ये शाळांचा कायदा करावा लागला. साक्षरतेच्या इतिहासात प्रभुभोजनाच्या यादीला मिळायला हवे तेवढे श्रेय अजून मिळालेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बुद्धिवादाच्या लाटेत जुनी गीते व वस्त्रे गेल्यावर, पुष्कळ जर्मन मंडळ्यांत प्रभुभोजन वर्षातून काही ठरावीक दिवशी आणि तेही मुख्य उपासना संपून बाकीचे लोक घरी गेल्यावर होऊ लागले. अशा वेळी प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने दोन पंथ एक करण्याचे मनावर घेतले. तो स्वतः कॅल्व्हिनपंथी आणि त्याची दिवंगत राणी लुईझा लुथरन. दोघांना एका मेजावरून प्रभुभोजन घेता आले नाही याची बोच त्याला होती. १८१७ साली, धर्मसुधारणेच्या त्रिशताब्दीला, त्याने संयुक्त चर्चची घोषणा केली आणि पुढे सर्वांसाठी एकच उपासनापुस्तक काढले. हेतू उदात्त, पण पुस्तकातली शब्दरचना अशी की भाकर देताना पाळक स्वतःच्या तोंडाने काहीच ठामपणे सांगत नसत, ख्रिस्त काय म्हणाला एवढेच उद्धृत करीत. ज्यांना हा आडपडदा मान्य नव्हता अशा ‘जुन्या लुथरनां’चे पाळक पदच्युत झाले, काही तुरुंगात गेले, सायलेशियातील ह्योनिगर्न या गावी १८३४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी चर्चचे दार उघडण्यासाठी सैन्य आणावे लागले. १८३८ साली आउगुस्ट काफेल या पाळकांबरोबर अशी कुटुंबे दक्षिण ऑस्ट्रेलियात जाऊन वसली. त्याच सुमारास सॅक्सनीतून, तेथील चर्चवरील बुद्धिवादी पगड्याला कंटाळून, दुसरा एक गट अमेरिकेत मिसुरीला गेला आणि १८४७ मध्ये त्यातून व इतर स्थलांतरितांतून मिसुरी सिनड ही आजची मोठी, सनातनी वळणाची लुथरन संस्था उभी राहिली.

वेदी पुन्हा दर रविवारी मांडावी, हा विचार बव्हेरियातील नॉयएंडेटेल्साउ या खेड्याचा पाळक विल्हेल्म ल्योहे याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मांडला आणि आपल्या गावात अमलातही आणला. पण तो सार्वत्रिक व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आज अमेरिकेतील व युरोपातील असंख्य लुथरन मंडळ्यांत प्रभुभोजन साप्ताहिक आहे, आणि दृढीकरणाची वाट न पाहता लहान मुलांनाही ते दिले जाऊ लागले आहे. शनिवारची कबुली रविवारच्या उपासनेच्या आरंभी काही मिनिटांत आटोपते, एवढा या सुलभतेचा मोबदला द्यावा लागला आहे. प्याल्याबद्दलचे वाद निराळेच : जंतूंच्या भयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत छोट्या स्वतंत्र पेल्यांची पद्धत निघाली, काही ठिकाणी चकती द्राक्षारसात बुडवून घेतात, तर कित्येक मंडळ्या एकाच प्याल्याचा हट्ट सोडत नाहीत. मेथडिस्टांप्रमाणे न आंबवलेला रस वापरणे मात्र लुथरनांना सहसा पटलेले नाही.

मेजावर कोणाला घ्यायचे, यावर या परंपरेत आजही एकवाक्यता नाही. युरोपातील लुथरन व कॅल्व्हिनपंथी चर्चांनी १९७३ च्या लॉयेनबेर्ग करारान्वये एकमेकांच्या मेजांवर बसण्यास मान्यता दिली आणि मारबुर्गचा बेबनाव जवळजवळ साडेचारशे वर्षांनी मिटवला. अमेरिकेतील इव्हँजेलिकल लुथरन चर्च बाप्तिस्मा झालेल्या सर्वांचे स्वागत करते. मिसुरी सिनड मात्र, जेथे शिकवणीत ऐक्य नाही तेथे एका वेदीवर ऐक्याचा देखावा करू नये, या भूमिकेवर ठाम आहे. ती कठोर वाटते खरी, पण तिच्यामागे तुच्छता नसून वचनाला जपण्याची जुनी लुथरन काळजी आहे, हे मान्य करायला हवे.

भारतात या प्रश्नाने वेगळेच रूप घेतले. बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्यूचाउ हे पहिले लुथरन मिशनरी ९ जुलै १७०६ रोजी तमिळ किनाऱ्यावरील डॅनिश वसाहतीत, तरंगमबाडीला, उतरले. त्यांनी उभारलेल्या परंपरेतील मंडळ्यांत सवर्ण व दलित ख्रिस्ती लोक उपासनेत वेगवेगळे बसत आणि प्रभुभोजनालाही एकामागून एक, जातीच्या क्रमाने येत. १८३३ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी आपल्या चर्चमधून हा भेद निखालस काढून टाकण्याचा आदेश दिला, तेव्हा तो न रुचलेली बरीच सवर्ण ख्रिस्ती कुटुंबे पुढे जातीबाबत सौम्य धोरण ठेवणाऱ्या लाइपझिगच्या लुथरन मिशनकडे वळली. ज्या परंपरेने भाकरीतील ख्रिस्ताबद्दल झ्विंग्लीशी तडजोड केली नाही, तिने जातीला मात्र ‘मधली बाब’ मानून चालवून घेतले. लुथरनांच्या भारतीय इतिहासातील हा डाग आहे आणि तो पुसट करण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात लुथरन मिशनांनी फारसे मूळ धरले नाही, पण नागपूरला लागून असलेल्या, मराठी वस्ती मोठी असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात स्वीडिश मिशनच्या कामातून उभे राहिलेले लुथरन चर्च आहे. १९४७ चे दक्षिण भारत चर्च आणि १९७० चे उत्तर भारत चर्च या दोन्ही मोठ्या एकीकरणांतून देशातील लुथरन चर्चे बाहेर राहिली.

परदेशी गेल्यावर किंवा चेन्नई-रांचीकडे फिरताना लुथरन उपासनेला बसण्याचा योग आला, तर पाहुण्याने प्रवेशद्वाराशी मिळणारे पत्रक आधी वाचावे. प्रभुभोजन कोणी घ्यावे याची सूचना बहुधा त्यात छापलेली असते, आणि शंका असल्यास उपासनेपूर्वी पाळकांना विचारलेले त्यांना आवडते. बाप्तिस्मा न झालेल्याने जागेवर बसून राहण्यात काहीच कमीपणा नाही. पुष्कळ मंडळ्यांत अशा व्यक्तीला रांगेत पुढे जाऊन, हात छातीशी दुमडून नुसता आशीर्वादही घेता येतो.